म्हाताऱ्या माणसांना खाटेला बांधू नका

गेल्या पावसाळ्यात बाबा मागच्या दारी शेवाळावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७९. मालवणातून गाडी करून मोठ्या हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या रात्री मी वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर होते. सिस्टर कागद घेऊन आल्या. "आजोबा सलाईन ओढतायत, हात बांधावे लागतील, इथे सही करा." मी सही केली. कागद वाचलासुद्धा नाही.

पहाटे आत सोडलं. बाबांची दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेली. जन्म होडीवर गेलेला माणूस हा, ओल्या नायलॉनच्या गाठी काळोखात नुसत्या बोटांनी सोडवणारा. आत्ताही त्यांची बोटं गाठ चाचपत होती. पण गाठ कठड्याच्या खालच्या अंगाला मारलेली, बोट पोचणार नाही अशी. पट्टीच्या कडेने कातडी जांभळी पडली होती. मला बघून म्हणाले, "माका सोड गो बाय. मी काय गोरू आसंय?"

तो प्रश्न अजून माझ्या कानातून जात नाही.

माणूस वातात बरळतोय असं आपल्याकडे म्हणतात, नाहीतर वय झालं म्हणून सोडून देतात. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं. सोडियम उतरलेलं असतं, लघवीत जंतू झालेले असतात किंवा लघवी तुंबलेली असते, पोट साफ झालेलं नसतं, दुखत असतं पण सांगता येत नाही, नाहीतर एखादं औषध मानवलेलं नसतं. संध्याकाळनंतर वाढतं, सकाळी माणूस शहाण्यासारखा बोलतो, म्हणून घरच्यांना वाटतं की तो मुद्दाम करतो. अशा माणसाचे हात बांधले की तो आणखी घाबरतो, झटापट करतो, आणि भ्रम वाढतो. पडून पडून पायातली ताकद जाते, पाठीला जखमा होतात. बांधल्यामुळे माणूस पडायचा वाचतो याला धड पुरावाही नाही.

माझाही दोष सांगते. ऑपरेशनच्या आधी 'सांभाळून ठेवा' म्हणून बाबांचा चष्मा आणि कानातलं मशीन माझ्याकडे दिलेलं. दोन दिवस ते माझ्या पर्समध्ये होतं! ना दिसतंय, ना ऐकू येतंय, आणि अंगाला नळ्या.

तिसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी चष्मा मागितला. मग रक्त तपासलं, सोडियम बरंच कमी निघालं. लघवीची नळी काढली. सलाईनच्या जागेवर पट्टी गुंडाळून वर लांब बाहीचा सदरा घातला, म्हणजे नळी नजरेला पडणार नाही. खाट खाली केली. मला म्हणाल्या, "तुम्ही इथेच बसा." मी बाबांच्या हातात सुतळीचा गुंडा दिला. रात्रभर ते जाळं विणायच्या गाठी मारत बसले आणि पहाटे झोपले. दोन दिवसांत भानावर आले.

यात जादू कसलीच नव्हती. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनोये यांनी हेच पद्धतशीरपणे करून दाखवलं. चष्मा, कानाचं मशीन, पाणी, लवकर चालवणं, 'आज कुठला वार' अशा गप्पा, झोपेसाठी गरम दूध आणि पाठीवर हात. १९९९ साली त्यांचा अभ्यास छापून आला. ७० वर्षं आणि त्यावरचे ८५२ पेशंट. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्क्यांना डिलिरियम झाला, अशा सांभाळण्यात ९.९ टक्क्यांना.

आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की रुग्णाला बांधायचं ते तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तर, गरजेपुरता वेळ, नोंद करून. माणसं कमी आहेत एवढ्या कारणावर तर बांधताच येत नाही. पण हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी लिहिलेला आहे. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातल्या माणसाला जे संरक्षण, ते हाडांच्या वॉर्डातल्या माझ्या बाबांना का नसावं?

सिस्टरांवर माझा राग नाही. त्या रात्री तीसेक पेशंटांना दोघीजणी होत्या, एकीला तर पाणी प्यायला वेळ नव्हता. म्हणूनच म्हणते, घरच्या एका माणसाला रात्री खाटेशेजारी बसू द्या. आठ वाजले की नातेवाईक बाहेर, हा नियम म्हाताऱ्यांच्या मुळावर येतो. आणि आपल्या कोकणात अर्ध्या घरांतली मुलं मुंबईत. बसणार कोण? वाडीने बसायचं. गणपतीला घरोघर आरतीला जातो, मयताला धावतो, तसंच हेही.

आमच्या वाडीतल्या एका काकींचं पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांना आधीच भेटून आलो, रात्री माणूस राहील असं सांगून ठेवलंय. पहिल्या दोन रात्री माझ्या, तिसरी शेजारच्या वहिनींची. काकींच्या चष्म्याच्या डबीवर मी मोठ्या अक्षरात त्यांचं नाव लिहून ठेवलंय.