एका पोटरीचे चारशे फ्लॅश

जाहिरातीतली बाई सोफ्यावर पाय पसरून बसते, हातातलं केस घालवायचं यंत्र पोटरीवरून अलगद फिरवते आणि कॅमेऱ्याकडे बघून हसते. तिला हसायला काय जातंय! तिच्या पायावर मुळात एक केस नसतो. असे पाय मिळाले तर मीसुद्धा कुठलंही यंत्र फिरवून दाखवीन, पोळपाटसुद्धा. खरे केस असलेल्या खऱ्या पायावर हा कार्यक्रम कसा चालतो, त्याबद्दल मात्र खोक्यावर मौन असतं.

मौन आणखी एका बाबतीत असतं. घरगुती ‘लेझर’ म्हणून जे विकत मिळतं, त्यातल्या बहुतेकांच्या पोटात लेझर नसतोच. असतो झेनॉन वायूचा फ्लॅश दिवा, कॅमेऱ्यात असायचा त्याच जातीचा, फक्त दांडगा. याला आयपीएल म्हणतात, म्हणजे ‘इंटेन्स पल्स्ड लाइट’, प्रखर प्रकाशाचे झटके; क्रिकेटशी संबंध नाही. खरा डायोड लेझर असलेली घरगुती यंत्रंही आहेत; त्यांचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा, साधारण ८१० नॅनोमीटरचा असतो. आयपीएलचा दिवा साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचं सगळं एका दमात ओकतो आणि पुढचा फिल्टर त्यातलं नको ते अडवतो. लेझर नेमका असतो, पण त्याची प्रकाश बाहेर पडायची खिडकी जेमतेम एक चौरस सेंटिमीटरची. आयपीएल ढोबळ, पण खिडकी तीन-चार चौरस सेंटिमीटरची. कुणाला नेमकेपणा प्यारा, कुणाला वेळ. मी वेळेच्या बाजूची आहे.

तत्त्व दोन्हीचं एकच. अँडरसन आणि पॅरिश या शास्त्रज्ञांनी १९८३ साली ते मांडलं: योग्य तरंगलांबीचा प्रकाश अगदी क्षणभर टाकला, तर तो शोषून घेणारी वस्तू तापते आणि ती उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत खेळ संपतो. केसाच्या बाबतीत प्रकाश शोषतं ते मेलॅनिन, म्हणजे केसाचा काळा रंग. केस तापतो, उष्णता मुळापर्यंत जाते, मूळ भाजून निकामी होतं. ऐकायला झकास. अडचण एवढीच, की या प्रकाशाला अक्कल नाही. त्याला फक्त काळं कळतं. ते काळं केसातलं आहे, त्वचेतलं आहे, तिळातलं आहे की टॅटूतलं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. माहितीपुस्तिकेतल्या बहुतेक सूचनांचा उगम या एका अडाणीपणात आहे.

पहिली सूचना: आधी शेव्ह करा. केस काढायचं यंत्र वापरण्याआधी केस काढून या, असं सांगणारं हे एकमेव यंत्र असावं. पण त्यात तथ्य आहे. त्वचेच्या वर केस राहिला तर प्रकाश तिथेच खर्ची पडतो. वरचा केस जळतो, करपट वास सुटतो, त्वचेला चटका बसतो आणि खाली मूळ सुखरूप. शिवाय जळक्या केसाचे काळे ठिपके काचेवर चिकटतात. मग पुढच्या प्रत्येक फ्लॅशला तो ठिपका तापतो आणि त्वचेवर नेमक्या त्याच जागी डाग देतो. म्हणून वापर झाला की यंत्र बंद करून, गार होऊ देऊन, काच मऊ कापडाने पुसायची. कापड कशात भिजवायचं, ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

शेव्ह म्हणजे शेव्हच. वॅक्स, एपिलेटर, थ्रेडिंग, चिमटा, सगळं बंद. त्यात केस मुळासकट निघतो, आणि मूळच नसेल तर फ्लॅश मारायचा कशावर? रिकाम्या घरावर जप्ती आणून काय उपयोग! वर्षानुवर्षं वॅक्स करणाऱ्यांना हे पचायला जड जातं, कारण ‘शेव्ह केल्याने केस राठ होतात’ हे वाक्य घराघरांत ठाण मांडून बसलंय. केस राठ होत नाहीत. ब्लेडने टोक सपाट कापलं जातं म्हणून हाताला खुंट लागतो, इतकंच.

दुसरी सूचना त्वचेच्या रंगाची. त्वचा उजळ आणि केस काळे असतील तर प्रकाशाला गोंधळायला वाव नसतो. त्वचा जितकी सावळी, तितका प्रकाश वरच अडतो आणि चटका त्वचेला बसतो. डॉक्टर त्वचेचे सहा प्रकार मानतात, फिट्झपॅट्रिक नावाच्या मोजपट्टीवर: पहिला सगळ्यात गोरा, सहावा सगळ्यात काळा. बहुतेक घरगुती आयपीएल पहिल्या चार प्रकारांना चालतात, काही पाचव्यालाही. सहाव्याने नाद करू नये. त्यांच्यासाठी दवाखान्यातला १०६४ नॅनोमीटरचा लेझर आहे, तो त्वचेतल्या मेलॅनिनला कमी भुलतो आणि खोलवर जातो. चांगल्या यंत्रात त्वचेचा रंग तपासणारा सेन्सर असतो. त्याला रंग पसंत पडला नाही तर तो दिवा लुकलुकवून सरळ नकार देतो. वाईट वाटून घेऊ नये. आणि त्याला फसवायचा प्रयत्न तर अजिबात करू नये.

उन्हाचं पथ्यही त्यातूनच येतं. ऊन लागून रापलेली त्वचा म्हणजे तात्पुरती चढलेली सावळी छटा. रापलेपण उतरेपर्यंत निदान दोन आठवडे थांबायचं, आणि फ्लॅश मारलेल्या उघड्या भागाला नंतर एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन लावायचं. तीळ आणि ठळक डाग पांढऱ्या आयलायनर पेन्सिलने झाकायचे किंवा वगळायचे. टॅटूच्या जवळपासही फिरकू नये. ती शाई इतकी तापते की फोड येतो आणि नक्षी बिघडते ती वेगळीच. ओठ, स्तनाग्रं आणि गुप्तांगाची नाजूक त्वचा वर्ज्य. भुवया आणि डोळ्यांच्या आसपासचा भाग तर कायमचा वर्ज्य, कारण बुबुळातही रंगद्रव्य असतं आणि मिटलेली पापणी हा काही पडदा नव्हे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये, आणि गरोदरपणात तर खोक्यातून बाहेरच काढू नये.

एवढं सगळं पार पडलं की हिशेब येतो. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ४० सेंटिमीटर धरा, घेर सरासरी ३०. झाले १,२०० चौरस सेंटिमीटर. खिडकी तीनची. एका पोटरीला चारशे फ्लॅश. वरच्या लेव्हलला, म्हणजे प्रकाशाचा जोर वाढवला की, यंत्राच्या पोटातला वीज साठवणारा कपॅसिटर पुन्हा भरायला दोन-अडीच सेकंद घेतो, म्हणजे एका पायाला साधारण पंधरा मिनिटं. खोक्यावर ‘दोन्ही पाय दहा मिनिटांत’ असं छापलेलं असलं तर ते सगळ्यात खालची लेव्हल, सगळ्यात मोठी खिडकी आणि वर सांगितलेली बाई धरून मोजलेलं असतं.

दिव्याचं आयुष्य मात्र भरपूर. तीन लाख फ्लॅशचा दिवा दर खेपेला दोन हजारांनी वापरला, तरी दीडशे खेपा निघतात. दर पंधरवड्याला एक धरली तर पाच वर्षांहून जास्त. माणसाचा उत्साह त्याच्या कितीतरी आधी संपतो, त्यामुळे ‘पाच लाखवाला घेऊ की दहा लाखवाला’ या चिंतेत झोप घालवू नका.

आता प्रत्यक्ष नडगी. खिडकी सपाट असते आणि नडगीचं हाड धारेचं. यंत्र त्यावर टेकवलं की एक कड टेकते आणि दुसरी हवेत राहते. काचेच्या चारही कडा त्वचेला भिडल्याशिवाय यंत्र फ्लॅश सोडत नाही, हे सुरक्षेसाठी बरोबरच आहे. पण तेव्हा डोकं फिरतं. उपाय असा: डाव्या हाताने पोटरीचं मांस धरून त्वचा हाडावरून बाजूला ओढायची, हाडावरची त्वचा मऊ भागावर आली की तिथे मारायचं, मग दुसरीकडे ओढायची. गुडघ्याला पाय पूर्ण वाकवायचा म्हणजे त्वचा ताणली जाते. घोट्यामागच्या खळगीला उपाय नाही. तिथे छोटी खिडकी लावायची आणि जे मिळेल त्यात समाधान मानायचं. मांडीच्या मागच्या बाजूसाठी आरसा, लांब वायर आणि लवचिक कंबर लागते. खोक्यात यातली फक्त वायर मिळते.

यात सगळ्यात जास्त फसगत होते ती रांगा चुकण्याची. फ्लॅश मारलेली आणि न मारलेली त्वचा त्या क्षणी दिसायला अगदी सारखीच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र पायावर केसांचे सरळ पट्टे उगवतात, आणि कुठे कुठे लक्ष टीव्हीकडे होतं ते अख्ख्या जगाला कळतं. पांढऱ्या पेन्सिलने आधी उभ्या-आडव्या रेषा आखून घ्या आणि चौकोन-चौकोन पुढे जा. रंगीत पेन वापरलं तर प्रकाश त्या रेषेवरच तुटून पडेल. यंत्र सरकवत नेण्याच्या ‘ग्लाइड’ मोडवर माझा विश्वास नाही. हात पुढे पळतो, दिवा मागे राहतो. टेकवा, फ्लॅश, उचला, पुढे. कंटाळवाणं आहे, पण पट्टे येत नाहीत.

दुखतं का? त्वचेवर रबरबँड ताणून सोडल्यासारखं लागतं. काखेत जास्त, कारण केस जाड, दाट आणि तिथली त्वचाही बहुधा बाकीपेक्षा काळसर. म्हणून काखेला लेव्हल वेगळी ठेवायची. पायाला पाचवी चालली म्हणून काखेलाही पाचवी, हा हिशेब चटक्याने संपतो. प्रत्येक भागावर आधी खालच्या लेव्हलने एखाद-दोन फ्लॅश मारून २४ तास थांबायचं. किंचित लाली काही तासांत उतरली तर ठीक. फोड आला, किंवा लाली दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली, तर सगळं तिथेच थांबवायचं. बधीर करणारं मलम लावून वरची लेव्हल गाठण्याचा शहाणपणा करू नये. वेदना ही इथली एकमेव फुकट मिळणारी धोक्याची घंटा आहे. त्वचा कोरडी हवी: तेल, लोशन, डिओ काही नको. नंतरचा दिवसभर कडकडीत पाण्याने आंघोळही नको.

आणि मग दुसऱ्या आठवड्यात केस वाढताना दिसतात. इथे बरेच जण यंत्राला शिव्या घालून ते कपाटात टाकतात. थांबा. भाजलेल्या मुळातला केस त्वचा हळूहळू बाहेर ढकलत असते, तेच वाढल्यासारखं दिसतं. एकच केस चिमट्यात धरून अगदी हलका ओढून बघा. मेलेला केस काही विरोध न करता सुटून येतो. जिवंत केस त्वचेला सोबत उचलतो. परीक्षा एका केसापुरती. बाकीचे उपटत बसू नका, आपोआप गळतात.

जिवंत निघालेला केस हा नापास झालेला नसतो, त्या दिवशी गैरहजर असतो. केस वाढीच्या अवस्थेत असतानाच मूळ आणि केस एकमेकांना धरून असतात आणि उष्णता खालपर्यंत पोचते. पायावरच्या केसांपैकी कुठल्याही दिवशी बरेचसे निवांत झोपलेले असतात, फार तर एक चतुर्थांश-एक तृतीयांश कामावर. म्हणून दर दोन आठवड्यांनी एक अशा चार-पाच खेपा, काही यंत्रांत दर आठवड्याला. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी डागडुजी. डागडुजी सोडली तर काही महिन्यांत मंडळी परत हजर. कायमचे केस घालवण्याची हमी या यंत्रांना कुणीच दिलेली नाही. विरळ आणि बारीक होतात, एवढं खरं.

हनुवटी आणि गालाच्या बाबतीत मी जरा कडक आहे. तिथल्या बारीक लवेत मेलॅनिन थोडं. प्रकाश तिला मारण्याइतका तापवत नाही, जेमतेम उबवतो, आणि काही जणींत ती लव उलट जाड, काळी होऊन उठते. याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस, आणि सावळी त्वचा किंवा पीसीओएससारखी हार्मोन्सची गडबड असेल तर शक्यता वाढते. घालवायला गेलात आणि वाढवून आलात, तेही स्वखर्चाने. हनुवटीवर अचानक राठ केस येऊ लागले असतील तर आधी रक्ततपासणी, मग यंत्र. पुरुषांच्या दाढीवर हे चालवू नका असं पुस्तिकाच सांगते. तिथे केस इतके दाट आणि काळे की चटका ठरलेला.

राहिले पांढरे केस. ते प्रकाशाला दिसतच नाहीत. भुऱ्या आणि तांबूस केसांचंही जवळपास तेच. पेन्सिलने, मस्कऱ्याने वरून काळे करून उपयोग नाही, मूळ पांढरंच राहतं. त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस आहे: तंत्रज्ञ एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडतो, रंग कुठला का असेना. हनुवटीवरच्या चार केसांसाठी उत्तम. पोटरीसाठी कुणाच्या मनात असेल, तर त्यांनी आधी एका चौरस सेंटिमीटरमधले केस मोजावेत आणि मग बाराशेने गुणावं.