इचारलं कुणी?

मागच्या आठवड्यात एका संस्थेचा माणूस घरी आला. मी त्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे. प्लास्टिकच्या पिशवीत इतिवृत्ताचं रजिस्टर, नेमक्या पानात पेन घालून ठेवलेलं. "सर, तुमची एवढी सही राहिलीय." उघडून पाहिलं. दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेची सभा, नऊ ठराव, प्रत्येकाला सूचक आणि अनुमोदक, "सर्वानुमते मंजूर", शेवटी आभार. एका ठरावाचा सूचक मी होतो. ती सभा झालीच नव्हती.

मी सही केली नाही. त्याला चहा दिला आणि रजिस्टर तसंच परत पाठवलं. बिचाऱ्याला अजून चार घरं फिरायची होती. रात्री सचिवांचा फोन आला, "तुम्हाला एकदम काय झालं?" एकदम काही झालेलं नाही. बरीच वर्षं मनात साचलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली बरीच ग्रामीण शाखांत. निवृत्तीनंतर मराठवाड्यात आमच्या भागातल्या दुसऱ्या एका संस्थेने मला खजिनदार म्हणून घेतलं. बचत गट, शेळीपालन, छोटे प्रक्रिया उद्योग असं तिचं काम. पुढे अध्यक्ष केलं. तिथेही पहिली दोन वर्षं मी घरी आलेल्या रजिस्टरवर सह्या करत होतो. बँकेत कुणी कोऱ्या व्हाउचरवर सही मागितली असती तर मी त्याला केबिनमध्ये उभं केलं नसतं. इथे मात्र सगळी ओळखीची, सज्जन माणसं, सेवेचं काम, एवढ्यावर माझा हात चालला.

त्यातली एक सही डाळमिलची होती.

कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हा पैसा गावापर्यंत येतो हे चांगलंच आहे. पण तो येतो तेव्हा ३१ मार्च जवळ आलेला असतो. आम्हाला फेब्रुवारीत कळलं. गटांच्या बायकांसाठी मिनी डाळमिल, शेड, प्रशिक्षण, सगळं महिन्याभरात बसवायचं. जागा शोधायला वेळ नव्हता. एका भल्या शेतकऱ्याने गावापासून दीड किलोमीटरवर, शिवारात दोन गुंठे फुकट दिले. ठराव लिहिला गेला, रजिस्टर फिरलं, सह्या झाल्या. एप्रिलमध्ये फीत कापली. फोटोत मी मधोमध आहे.

मिल चालली नाही. यंत्रात काही दोष नव्हता. मीटर वेगळं घेतलं होतं, पण लाइन शेतीच्या फिडरवरची. थ्री फेज आठ तास, आणि पाळीप्रमाणे आठवड्यातले काही दिवस ती रात्री येते. शेतकरी रात्री पाणी द्यायला जातो, त्याचा नाइलाज असतो. बायकांनी रात्री बाराला तुरीची पोती घेऊन शिवारात जायचं का? आणि ज्या दिवशी वीज दिवसा, त्या दिवशी त्या दुसऱ्याच्या रानात रोजाने गेलेल्या. तूर भिजवायची, तेल लावायचं, उन्हात वाळवायची, मग भरडायची. वाळलेली तूर तयार असताना वीज नसली की माल तसाच पडून राहतो.

हे आम्हाला कळलं सात महिन्यांनी. पाहणीला गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं, किल्ली शोधायलाच अर्धा तास गेला. आत यंत्रावर कबुतरांची घाण, आणि हॉपरला अजून उद्‌घाटनाचा झेंडूचा वाळका हार. गटाच्या सचिव असलेल्या ताई सोबत होत्या. मी जरा नाराजीनेच म्हणालो, "ताई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सर, इचारलं कुणी?"

मग आवाज न चढवता, "शाळंच्या मागं जागा हुती की. तिथं लाइट दिसभर असती."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या मंडळावर तेव्हा कोण होतं? दोन डॉक्टर, एक निवृत्त प्राचार्य, एक सीए, एक बांधकाम व्यावसायिक आणि मी. एकानेही एक रुपया खाल्लेला नाही, उलट प्रत्येकाने पदरचे घातलेत. पण त्या गावात लाइट कधी येते हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना आम्ही लाभार्थी म्हणत होतो आणि कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसवत होतो.

गावाच्या अर्थकारणाचं काम करणाऱ्या संस्थेच्या मंडळावर त्या गावची माणसं मतासह बसली पाहिजेत, आणि तसं घडवून आणणं हे अध्यक्षाचं पहिलं काम आहे. देणगी मिळवणं, पाहुणे आणणं त्याच्या नंतर. सल्लागार समिती, निमंत्रित सदस्य असल्या बाजूच्या खुर्च्या मी यात धरत नाही.

यावर पहिलं उत्तर येतं, "त्यांना हिशोबातलं काय कळणार?" माणदेशी महिला बँकेची गोष्ट आठवा. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ती १९९७ मध्ये उभी राहिली. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा आणि त्यांच्या सोबतच्या बायकांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. बँकेत आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, हे आव्हान मी स्वीकारलं नसतं. माविम, म्हणजे राज्य सरकारच्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, लोकसंचालित साधन केंद्रांतही कार्यकारिणीवर गटांच्याच बायका असतात आणि केंद्राचा पगारी व्यवस्थापक त्यांना उत्तर देतो.

मग आम्ही शिकलेल्यांनी काय करायचं? याचं उत्तर मला गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात सापडलं. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार बसतात, कायदा समजावतात, वाद घालतात. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. त्या गावासोबत काम करणारा मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा माणूस कित्येक वर्षं अभ्यासाच्या बाजूला राहिला, निर्णयाच्या खुर्चीत जाऊन बसला नाही. त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल सांभाळायचा आणि वापरायचा हक्क, मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. आमच्यातल्या डॉक्टर-प्राचार्यांची खरी जागा अशा अभ्यासगटात आहे असं मला वाटतं. ते तिघं माझ्यावर नाराज आहेत, पण अजून बोलतात.

दुसरा आक्षेप हितसंबंधांचा, आणि तो खरा आहे. विश्वस्ताला संस्थेकडून खास लाभ मिळाला तर आयकराची सवलतही धोक्यात येते. म्हणून आम्ही साधा नियम केला. ज्या विषयात आपल्या गटाचा किंवा घरच्यांचा फायदा, त्या विषयाला सदस्य बाहेर बसतो आणि तसं इतिवृत्तात लिहिलं जातं. हा नियम बांधकाम व्यावसायिकालाही लागू आहे. याआधी तो कुणालाच लागू नव्हता.

दोन ताईंना मंडळावर घ्यायचं ठरलं तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली. महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ नुसार मंडळात बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमचे मागचे दोन रिपोर्ट भरलेच नव्हते. सरकारी नोंदीत आमचं मंडळ अकरा वर्षांपूर्वीचं, त्यातले तिघे वारलेले. आपण ज्या संस्थेवर आहात तिची नोंद एकदा स्वतः काढून बघा, ही हात जोडून विनंती.

आता सभा गावात होते, संध्याकाळी सहाला, म्हणजे कुणाचा रोज बुडत नाही. सीए साहेब एक पान मराठीत देतात, आले किती, गेले किती, उरले किती, आणि ते मोठ्याने वाचलं जातं. पहिल्याच सभेत ताईंनी विचारलं, "प्रशिक्षणाच्या जेवणाला एवढे कसे? स्वयंपाक तर आमीच केला." बिल परत तपासलं. केटररचं होतं. ते आम्ही दिलं नाही, आणि ते बिल आणणाऱ्याला खुलासा मागितला.

डाळमिल शाळेमागे हलवली आहे. या तुरीच्या हंगामात चालली.

येत्या रविवारी मंडळाची सभा आहे. विषय क्रमांक चार, अध्यक्षाला तीन-तीन वर्षांच्या दोनच मुदती, अशी संस्थेच्या घटनेत दुरुस्ती. माझी दुसरी मुदत याच वर्षी संपते. सूचक मी आहे, अनुमोदक ताई. सगळे समोर बसल्यावर रजिस्टर उघडायचं, असं त्यांनी बजावून सांगितलं आहे.