कोबे म्हणे नव्वद दिवसांत उभं राहिलं

आमच्या आत्याचं सासर उमरगा तालुक्यातलं. 1993 च्या भूकंपात घर पडलं, पुनर्वसनात दुसरं मिळालं, माझी आतेभावंडं त्याच घरात वाढली. आणि फॅमिली ग्रुपवर हा फॉरवर्ड टाकला कोणी, तर आत्यानेच:

«1995 साली जपानचं कोबे शहर भूकंपात जमीनदोस्त झालं. 90 दिवसांत पुन्हा उभं राहिलं! एकाही नागरिकाने सरकारपुढे हात पसरला नाही. परदेशी मदत नाकारली. एकही चोरी झाली नाही, कारण शहरात परके लोकच नाहीत. आज ते जगातलं एक नंबरचं बंदर आहे. आणि आपले किल्लारीवाले? अजून अनुदानच मागतायत!»

खाली हात जोडलेले इमोजी. आत्या, अगं शेवटची ओळ तरी वाचायचीस.

कोबेबद्दल मी मुख्यतः एकाच कागदावर भिस्त ठेवतोय. भूकंपाचं नुकसान आणि पुनर्बांधणी यांचा कोबे महापालिकेने स्वतःच प्रसिद्ध केलेला हिशेब. तो इंग्रजीतही मिळतो. शहराची फुशारकीच मारायची असती तर पहिल्यांदा त्यांनीच मारली असती. खाली शहरापुरते जे नुकसानीचे आकडे आहेत ते तिथले.

आधी नव्वद दिवस. यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने का होईना, कबूल. भूकंप झाला 17 जानेवारीला पहाटे 5:46 ला. वीज आठवड्याभरात सगळीकडे आली. शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, 8 एप्रिलला धावली, गॅस 11 एप्रिलला पुरता सुरू झाला आणि नळाला पाणी 17 एप्रिलला. मोजून बघा, बरोबर नव्वद दिवस. हाच आकडा कोणीतरी उचलला असणार. काम जबरदस्त होतं, वाद नाही. पण नळाला पाणी आलं म्हणजे शहर उभं राहिलं? नळ ज्या भिंतीत होता ती भिंत कुठे होती? एकट्या कोबे शहरात 67,421 इमारती पूर्ण कोसळल्या होत्या, जवळपास सात हजार जळून गेल्या होत्या, 4,571 माणसं गेली होती. पूर्ण आपत्तीत 6,434. हानशिन द्रुतगती मार्गाचा 635 मीटरचा तुकडा खांबांसकट आडवा झाला होता, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. तो रस्ता पूर्ण सुरू व्हायला सप्टेंबर 1996 उजाडला. लोकसंख्या पूर्वीच्या आकड्यावर यायला 2004. आणि शिन-नागाता स्टेशनच्या दक्षिणेला, जिथे सगळ्यात भयानक आगी लागल्या, तिथल्या वीस हेक्टरांचा पुनर्विकास जवळजवळ तीस वर्षं रेंगाळला. त्याचा आराखडा मंजूर कधी झाला? भूकंपानंतर दोन महिन्यांत, लोक अजून शाळांच्या जिमखान्यात सतरंजीवर झोपत असताना. लोकांनी ओरड केली, महापालिकेने रेटलं. तिथे आज उंच टॉवर आहेत आणि खालच्या मजल्यांवर बंद शटर.

आता ज्या वाक्यामुळे मी लिहायला बसलो ते. एकानेही सरकारपुढे हात पसरला नाही.

पसरला. पसरून उपयोग झाला नाही म्हणून संघटना केल्या, मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या, आणि शेवटी देशाचा कायदा बदलून घेतला. त्या वेळी जपान सरकारची भूमिका अशी होती की घर ही खाजगी मालमत्ता, ते करदात्यांच्या पैशातून बांधून देता येणार नाही. पूल बांधू, बंदर बांधू, घर तुमचं तुम्ही बघा. ज्यांचं घर कोसळलं त्यातल्या कित्येकांचे गृहकर्जाचे हप्ते चालूच होते. म्हणजे ढिगाऱ्याचा हप्ता भरायचा आणि नव्या घरासाठी दुसरं कर्ज काढायचं. सरकारने दिलं ते काय, तर आपत्तीचं कर्ज, जास्तीत जास्त 35 लाख येन. कर्ज बरं का, मदत नव्हे. साठी ओलांडलेल्या लोकांनी ते घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं दर महिन्याला थोडं थोडं फेडत बसले. काही जण फेडता फेडता गेले, मग जामीनदारांच्या मागे तगादा.

तात्पुरत्या घरांचं बघा. कोबे ज्या प्रांतात आहे त्या ह्योगोत 48,300 बांधली. जागा मिळाली ती बहुतेक डोंगरापलीकडे नाही तर भराव टाकलेल्या बेटांवर. वाटप सोडतीने, वृद्ध आणि अपंग आधी. कागदावर न्याय्यच. प्रत्यक्षात काय झालं, कोबेच्या नागाता भागातल्या गल्लीत चाळीस वर्षं शेजारी राहिलेल्या दोन म्हाताऱ्या दोन वेगळ्या टोकांना गेल्या, आणि एका वसाहतीत सगळे एकमेकांना अनोळखी म्हातारेच म्हातारे जमले. त्या घरांमध्ये दोनशेहून अधिक माणसं एकटी मेली, कोणाच्या लक्षात न येता. शेवटचं कुटुंब तिथून बाहेर पडलं ते 2000 च्या जानेवारीत. पाच वर्षं. फॉरवर्डवाल्याला नव्वद दिवस दिसले.

या सगळ्याविरुद्ध लोक बोलले. लेखक माकोतो ओदा जवळच्याच निशिनोमियात राहायचे, स्वतः भूकंप अनुभवलेले. त्यांनी आणि नागरिकांच्या संघटनांनी पीडितांना थेट रोख मदत मिळावी म्हणून संसदेपर्यंत धडक मारली. मे 1998 मध्ये पीडितांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. सुरुवातीला कमाल दहा लाख येन, नंतर तीस लाखांपर्यंत. विचित्र गोष्ट अशी की कायदा कोबेवाल्यांना पूर्वलक्षी लागू झालाच नाही, त्यांची सोय दुसऱ्या योजनांतून थोडीफार लावली. पण 2011 च्या त्सुनामीत ज्यांची घरं गेली त्यांच्या हातात पैसे पडले ते या मागण्यामुळे. तेव्हा «मागत नाहीत» हा जपान्यांचा गुण म्हणून किल्लारीवाल्यांच्या तोंडावर फेकू नका. किल्लारीत निदान घरं तरी सरकारने बांधून दिली.

आणि माणसं मेली कशाने हेही कोणी सांगत नाही. बहुतेक जण चिरडून किंवा गुदमरून. जुनी लाकडी घरं, डोक्यावर मातीत बसवलेली जड कौलं. वादळात छप्पर उडू नये म्हणून ते वजन बरं, भूकंपात तेच खाली आलं. कोबे-ओसाकाच्या कानसाई भागात मोठा भूकंप होत नाही अशी लोकांची समजूत होती. 1981 च्या नव्या बांधकाम नियमांनंतरच्या इमारती बऱ्याच टिकल्या. मेलेल्यांत निम्म्याहून अधिक साठीपुढचे, कारण जुन्या स्वस्त घरांत राहणारे तेच.

परके लोक नाहीत? कोबे! 1 जानेवारी 1868 ला परदेशी व्यापारासाठी उघडलेलं बंदर आहे ते. जमशेटजी टाटा आणि निप्पोन युसेन काइशा ही जपानी जहाज कंपनी यांनी 1893 मध्ये कोबे–मुंबई कापसाची जहाजं सुरू केली. 1923 च्या भूकंपानंतर योकोहामाचे कित्येक भारतीय व्यापारी इकडे आले. 1935 ची मशीद आहे, ती 1945 च्या बॉम्बहल्ल्यातूनही वाचली आणि 1995 मधूनही. जैन मंदिर आहे. नागातात बुटांच्या कारखान्यांत कोरियन आणि व्हिएतनामी माणसं होती, आगीत तीही होरपळली. तिथलं ताकातोरी चर्च जळालं, त्याच आवारात स्वयंसेवकांचा तळ पडला आणि अनेक भाषांतला रेडिओ सुरू झाला.

परदेशी मदत नाकारली हेही खोटं. स्विस पथक शोधकुत्री घेऊन आलं. कुत्र्यांना विलगीकरणाशिवाय आत घ्यायचं की नाही या घोळात वेळ गेला तो वेगळा.

एक नंबरचं बंदर? 1994 ला कोबे कंटेनरमध्ये जगात सहावं होतं. रोक्को डोंगर फोडून त्याची माती समुद्रात टाकून बेटं केलेली, त्या भरावात पाणी वर आलं, धक्के समुद्राकडे सरकले, क्रेनचे पाय फाकले. माया नावाच्या गोदीतले भूकंपरोधक बांधलेले तीन धक्के तेवढे शाबूत. दोन वर्षांत दुरुस्ती झाली खरी, पण तोवर मालाची अदलाबदल करणारी जहाजं दक्षिण कोरियातल्या बुसानला गेली ती गेलीच. 1994 चा आकडा कोबेने ओलांडला थेट 2017 मध्ये, वीस फुटी कंटेनरच्या मापाने 29 लाखांच्या पुढे. त्याच वर्षी शांघाय चार कोटींवर होतं. आपलं न्हावा शेवा 2024-25 मध्ये सत्तर लाखांच्या वर गेलंय, त्यावर कोणी फॉरवर्ड केलेला नाही.

राहिली चोरी. मोठ्या प्रमाणावर दुकानं फोडून लुटालूट झाली नाही हे खरं, रांगाही लागल्या. फक्त एक तपशील सुटलाय. यामागुची-गुमी, जपानातली सगळ्यात मोठी गुंडांची टोळी, तिचं मुख्यालय कोबेतच. पहिल्या दिवसांत पाणी, पाव आणि लहान मुलांचे डायपर वाटायला तीही रस्त्यावर होती. भूकंप पावणेसहाला झाला आणि ह्योगोच्या राज्यपालांनी लष्कराला रीतसर बोलावलं सकाळी दहाला. तोवर नागातात बंब उभे होते आणि त्यांना पाणी नव्हतं.