‘डेबियनची पॅकेजं जुनाट’ म्हणणाऱ्यांनी आकडा शेवटपर्यंत वाचावा

‘डेबियन वापरताय? सावधान!’ हा डेबियन या लिनक्स संगणकप्रणालीबद्दलचा मेसेज पुन्हा फिरतोय. मी एरवी सोडून दिला असता, पण या वेळी माझ्या मावसभावाने तो खरा मानून त्यातली एकेक पायरी केली आणि काल लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. मेसेजचं म्हणणं असं: डेबियनची पॅकेजं (बसवायला तयार प्रोग्राम) जुनी, म्हणून असुरक्षित, एपीटी या पॅकेज हाताळणाऱ्या साधनाची ‘एपीटी अपडेट’ आज्ञा कितीही वेळा चालवा, नवीन काही येत नाही, सोर्स कोड कुठे मिळतच नाही, अपडेटने मशीन बसतं, तेव्हा मूळ साइटवरून टारबॉल (सोर्स कोडचं गाठोडं) उतरवा आणि ‘सुडो मेक इन्स्टॉल’ म्हणून हाताने बसवा.

उदाहरण म्हणून त्यात कर्ल, म्हणजे इंटरनेटवरून माहिती आणणारा प्रोग्राम, घेतलंय. डेबियन १२ मध्ये त्याची ७.८८.१ ही आवृत्ती आणि बाहेर ८.३.० आलेलं, बघा किती मागे! बरं, मग कर्लचंच बघू. ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्लच्या सॉक्स५ प्रॉक्सीच्या (मध्यस्थ सर्व्हरमार्फत जोडणी करण्याच्या) भागात एक गंभीर चूक जाहीर झाली. होस्टचं नाव प्रमाणाबाहेर लांब आलं की ते बफरच्या, म्हणजे त्यासाठी राखलेल्या मेमरीच्या, हद्दीबाहेर लिहिलं जायचं. ७.६९.० पासून ८.३.० पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांत ती होती, ८.४.० मध्ये दुरुस्त झाली. डेबियनने आपला आकडा ७.८८.१ च ठेवला, फक्त दुरुस्तीचा तेवढा तुकडा जुन्या कोडवर बसवला आणि पॅकेज ७.८८.१-१०+डेब१२यू४ या नावाने दिलं. म्हणजे ‘जुनाट’ ७.८८.१ वाले सुरक्षित झाले आणि मेसेजमधली लिंक दाबून ८.३.० घेणारे भोक उघडं ठेवून बसले. खरी माहिती आकड्याच्या त्या शेपटीत असते, आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी तीच कापली आहे.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. भावाच्या मशीनवर ‘टाइप -ए कर्ल’ (कर्ल कुठे कुठे आहे ते दाखवणारी आज्ञा) चालवलं तर दोन ओळी आल्या: आधी /यूएसआर/लोकल/बिन/कर्ल, मग /यूएसआर/बिन/कर्ल. हाताने बसवलेलं आधी सापडतं, म्हणून तेच चालतं. एपीटी बिचारं खालचं कर्ल इमानाने दुरुस्त करत राहिलं, आणि हा रोज वरचं वापरत राहिला. /यूएसआर/लोकल मध्ये काय आहे हे एपीटीला ठाऊकच नसतं, त्यामुळे इशाराही येत नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली लोकांना असल्या खड्ड्यात ढकलणं मला अजिबात खपत नाही.

‘एपीटी अपडेट’ने नवीन काही येत नाही, हे बरोबरच आहे, कारण ती आज्ञा फक्त याद्या ताज्या करते. पॅकेजं बदलतात ‘एपीटी अपग्रेड’ने. एवढं माहीत नसलेल्या माणसाने इतरांना सल्ले देऊ नयेत.

सोर्स मिळत नाही, यात अर्धं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. पुष्कळ मशीनवर एपीटीच्या सेटिंगमधली, सोर्स कुठून आणायचा ते सांगणारी ‘डेब-एसआरसी’ची ओळ बंद असते, मग ‘एपीटी सोर्स कर्ल’ नुसती तक्रार करतं. ती ओळ चालू करा, ‘एपीटी अपडेट’ द्या, पुन्हा मागा. मूळ लेखकांचा टारबॉल, डेबियनच्या बदलांचा दुसरा टारबॉल आणि सही केलेली डीएससी फाइल (सोर्स पॅकेजचं वर्णन), तिन्ही समोर येतात. उलगडलेल्या फोल्डरात डेबियन/पॅचेस उघडलं की कोणती दुरुस्ती कुठल्या ओळीत झाली ते दिसतं. सोर्स उतरवायला आणि वाचायला रूट, म्हणजे मशीनचे पूर्ण अधिकार, लागत नाहीत; ते लागतात फक्त ती ओळ चालू करायला आणि ‘एपीटी अपडेट’ला.

अपडेटने कधी कधी बिघडतं, हेही खरं. विशेषतः कर्नल (प्रणालीचा गाभा) बदलला आणि ग्राफिक्सचं बाहेरचं मॉड्यूल नव्यावर बांधलं गेलं नाही, तर पडदा काळा राहतो. पण आधीचा कर्नल सहसा मशीनवरच असतो, मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून तो निवडता येतो. एवढ्यासाठी अपडेटच बंद करायचे?

ज्यातून कर्ल हाताने बसवलं तो जुना फोल्डर भावाने पुसला नव्हता हे नशीब. त्यात जाऊन ‘सुडो मेक अनइन्स्टॉल’ केलं, नवीन टर्मिनल उघडलं, पुन्हा ‘टाइप -ए कर्ल’ दिलं. एकच ओळ आली. मग ‘एपीटी चेंजलॉग कर्ल’, म्हणजे पॅकेजमधल्या बदलांची नोंद, उघडून त्यालाच वाचायला लावलं, दुरुस्ती सापडेपर्यंत.