रेडी नाही

माझी मुलगी ‘रेडी नाही’, असं परवा कळलं. लग्नाला नाही, स्पर्धा परीक्षेला नाही, नर्सरीला. तिला तीन पुरी व्हायला अजून महिना आहे. बाईंनी सफरचंदाचं चित्र दाखवून विचारलं, ‘ए फॉर?’ पोरगी म्हणाली, ‘ए आई, चल ना घरी.’ मला तर उत्तर बरोबर वाटलं. बाईंनी मात्र कागदावर काहीतरी खरडलं आणि घरात कुणाला टीबी आहे का विचारावं तशा आवाजात आम्हाला विचारलं, ‘घरी मराठीच बोलता का?’

साताऱ्यात मराठी नाही तर काय बोलायचं?

पण आत जाईपर्यंतच आमचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि त्याचं सगळं श्रेय बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांना. शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’, गेटसमोर उसाच्या ट्रॉल्या वळतात, आणि आजोबा कोरेगावकडचे. बसल्याबसल्या त्यांनी हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘पावनं, पगार किती पडतो?’ मी आकडा काही सांगितला नाही. ‘मग कमीच असंल,’ असा निकाल त्यांनीच लावून टाकला. पुढं आमचा नंबर पुकारला, तर उठले तेच.

काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला लागली.

‘मुलाचं नाव?’

‘अजून न्हाय ठेवलं.’

‘वय?’

‘सून सातव्यात हाय.’

‘सातवीत?’

‘सातव्या महिन्यात ओ!’

मुलगी क्षणभर थांबली. तिलाही वरून कुणीतरी सांगितलं असणार, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. ‘बरं. मुलगा की मुलगी? हे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.’

आजोबांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. ‘आवो बाई, त्ये इचारायला बंदी हाय. दवाखान्यात भला मोठा बोर्ड असतोय, कधी वाचला न्हाय का? डाक्टर जेलात जातोय. आनि तुमी फॉर्मात इचारताय?’

1994 चा गर्भलिंग निदानाचा कायदा नर्सरीच्या काउंटरवर उभा राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्या मुलीचा हात माऊसवरून खाली आला. आजोबा तेवढ्यावर थांबतील तर कसले. ‘पोरांची मोरी कुठाय?’ म्हणत ते आतच शिरले, आणि परत आले ते अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं बोलत. ‘नळ माझ्या छातीला लागतोय. पोरं काय शिडी लावत्यात व्हय?’

‘आजोबा, आमच्याकडे प्रत्येक वर्गात स्मार्टबोर्ड आहे.’

‘त्यो मुतायला न्हेतोय का पोरास्नी?’

हसलो मीही, पण माझा नंबर गेला तो गेलाच. वर त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि तीन वर्षांनंतरच्या बॅचला जागाही मिळाली. आम्हाला मिळालं ते ब्रोशर. त्यात रोबोटिक्स होतं, घोडेस्वारीचा फोटो होता. एका बाईमागं किती पोरं, रडलं तर उचलून कोण घेतं, चड्डी ओली झाली तर कोण बदलतं, यावर एक ओळ नाही.

मग फीचा कागद आला. 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं. त्या पोरांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे इथं लहानपणापासून ऐकतो आपण. परवा तो कागद वाचता वाचता माझ्या बायकोचाही हात गळ्याकडं गेला.

रात्री झोप येईना म्हणून कायदा वाचत बसलो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची चाचणी घ्यायला चक्क मनाई आहे. वाचून उठून बसलो. पण तो कायदा 6 ते 14 वयाचा. म्हणजे सहा वर्षांच्या घोड्याला सफरचंद दाखवायचं नाही, आणि तीन वर्षांचं पोर उघड्यावर. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरलाय, या वयात खेळातून शिकवा म्हणतात. आमच्या मुलाखतीत खेळ झाला तो एवढाच, की ‘तुमची पेरेंटिंग स्टाइल कोणती?’ असं विचारल्यावर मी बायकोकडं बघितलं आणि बायकोनं माझ्याकडं. तेही लिहून घेतलं बाईंनी.

आणि या सगळ्याचे, म्हणजे नुसत्या फॉर्मचे, हजार रुपये. ते परत मिळत नाहीत, असं पावतीच्या मागं बारीक अक्षरात छापलंय. मी सोमवारी जाऊन मागणार आहे. बायको म्हणते, ‘जा, पण इस्त्रीचा शर्ट घालून जा. तोही बघत असतील.’