घरची बिअर स्वस्त पडते म्हणे!

"घरी बनवतोस म्हणजे फुकटातच की रे!" हे वाक्य पुढच्या वेळी जो कोणी माझ्यासमोर काढेल, त्याच्या हातात आधी बिलं ठेवणार आहे, ग्लास नंतर. माल्टचं बिल, हॉप्सचं बिल, यीस्टचं बिल, बर्फाचं बिल. हो, बर्फाचंसुद्धा. बसा वाचत, मग बोलू.

मी सिंगापूरला राहतो. इथे घरी बिअर बनवायला २००४ पासून कायद्याने मुभा आहे. वय अठरा पूर्ण असावं, घरटी महिन्याला ३० लिटरच्या आत बनवावी, घरच्यापुरती बनवावी, विकू नये. संपले नियम. (आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, त्यामुळे परवान्याशिवाय पुण्याच्या फ्लॅटमध्ये हा उद्योग करता येत नाही. म्हणून पुण्यातले मित्र मला नशीबवान समजतात. समजोत बिचारे.) तर सरकारची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती भावाची.

बिअरला लागतं काय? जव (तोही मोड आणून वाळवलेला, म्हणजे माल्ट), हॉप्स (एका वेलीची कडवट, सुवासिक फुलं), यीस्ट आणि पाणी. चारातलं पाणी तेवढं नळाला येतं, बाकी तिन्ही जहाजाने नाहीतर विमानाने. आणि गंमत बघा, जव इथे ढिगाने मिळतो! कुठल्याही फूड सेंटरमध्ये जा, बार्ली वॉटरचा ग्लास मिळतो. सुपरमार्केटात बार्लीची पाकिटं तांदळाच्या शेजारीच रचलेली असतात आणि भावही किरकोळ. पण ती सगळी पॉलिश केलेली पर्ल बार्ली. टरफल गेलं, कोंडा घासला गेला, कोंब फुटायची जागाही गेली. तिला जन्मात मोड येणार नाहीत. आणि मोड नाहीत तर माल्ट नाही, माल्ट नाही तर पिठाची साखर करणारी एन्झाइम्स नाहीत, आणि साखर नाही तर यीस्टने खायचं काय, माझं डोकं?

"मग अख्खा जव आणून घरीच मोड आण की," असंही ऐकून झालंय. बरोबर आहे, आपल्याकडे घरोघरी नाचणीला मोड आणून सत्त्व करतातच. भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड आले की वाळवायची, मंद आचेवर भाजायची, दळायची. माल्टिंग म्हणजे वेगळं काही नाही. पण ते सांगलीच्या गच्चीवर, मार्चच्या उन्हात. इथे बाराही महिने हवा अशी ओली की दोरीवर टाकलेला टॉवेल संध्याकाळी सकाळइतकाच दमट असतो. पाच किलो मोडाचं धान्य इथल्या बाल्कनीत वाळत घाला, त्यावर बुरशीची हिरवी शाल आधी चढेल.

म्हणजे तयार माल्टच घेणं आलं. जर्मनीचं, बेल्जियमचं, इंग्लंडचं, ऑस्ट्रेलियाचं. सुटं घेतलं तर साधं माल्ट किलोला पाच-सहा सिंगापूर डॉलर, भाजलेलं किंवा कॅरॅमल जातीचं त्याहून वर. वीस लिटर बिअरला साधारण पाच किलो लागतं. रुपयात गुणाकार करू नका, मी कधीच सोडून दिलाय. २५ किलोचं पोतं घेतलं तर भाव बराच खाली येतो, हे मलाही कळतं. पण ते ठेवू कुठे? सरकारी इमारतीतला फ्लॅट, त्यातली स्टोअररूम म्हणजे बॉम्ब शेल्टर, आणि त्यात आधीच घरमालकाचं सामान. शिवाय माल्ट सादळतं. चांगलं माल्ट दाताखाली कुडकुडीत वाजलं पाहिजे. पोतं एकदा उघडलं की इथल्या हवेत ते शिळ्या चिवड्यासारखं होतं आणि मग त्यात सोंडे शिरतात. महाग माल्ट आहे, तेही मिटक्या मारत खात असतील.

आता यीस्ट. साडेअकरा ग्रॅमचं पाकीट. साडेअकरा ग्रॅम! तळहातावर ठेवलं तर वजन जाणवत नाही. दुकानात जाऊन आणावं तर दुकान बेटाच्या दुसऱ्या टोकाला, औद्योगिक इमारतीत, आणि उघडं असतं नेमकं मी ऑफिसात असतो तेव्हा. घरपोच मागवावं तर पाठवणावळ पाकिटाच्या किमतीइतकी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. पाठवणावळ माफ व्हायला अमुक इतक्या डॉलरचा माल घ्यायचा असतो. मग आपण उगाच अजून एक पाकीट घालतो, एक सायफनची नळी घालतो, सॅनिटायझरची बाटली घालतो, आणि दहा डॉलर वाचवायला चाळीस डॉलर उधळून समाधानाने बटण दाबतो. हे कार्ट बनवणाऱ्याचं डोकं खरंच मोठं आहे. मला एकदा भेटायचंय त्याला.

पण खरी लूट हॉप्समध्ये आहे. हॉप्सची वेल वाढते थंड देशांत, जिथे उन्हाळ्याचे दिवस लांबलचक असतात. सिंगापूर विषुववृत्तापासून दीड अंशही दूर नाही. इथे दिवस कायम बारा तासांचा, त्यामुळे कुंडीत लावायचा विचारसुद्धा नको. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाच्या खोऱ्यात पिकलेल्या सिट्रा आणि मोझेक जातीच्या हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या हवाबंद पिशवीत भरून, गारठ्यात ठेवून अर्ध्या जगाला वळसा घालून येतात. शंभर ग्रॅमला पंधरा ते वीस डॉलर मोजायचे. पिशवी फोडली की घड्याळ सुरू! उरलेल्या हॉप्सना हवा लागली की महिन्याभरात वास बदलतो. आंब्या-मोसंबीचा वास यायला हवा तिथे जुन्या चीजचा येतो.

आणि इकडे ते यूट्यूबवरचे अमेरिकन बंधू! हसत हसत म्हणतात, "इथे आपण फक्त आठ औंस हॉप्स टाकू." फक्त! आठ औंस म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. त्यांच्या गॅरेजमध्ये किलोच्या हिशेबाने हॉप्स डीप फ्रीझरमध्ये पडलेत, बोलता बोलता मुठीने टाकतात. मी इथे काट्यावर ग्रॅम ग्रॅम मोजतोय आणि काट्यावरून घरंगळलेली गोळी ओट्याच्या फटीतून काढतोय. त्यात वर सांगायचं म्हणजे हॉप्सचा गाळ बिअर पितो. शंभर ग्रॅम गोळ्यांचा चोथा पाऊण-एक लिटर बिअर शोषून तळाशी बसतो. महाग सामान तर घालाच, वर त्याला प्यायलाही द्या.

"भारतातून येताना बॅगेत आण ना." ही सूचना दर दिवाळीला येते. काका, नीट ऐका. हॉप्स आणि गांजा वनस्पतिशास्त्रानुसार एकाच कुळातले. हिरव्या, चिकट, उग्र वासाच्या गोळ्या झिपच्या पिशवीत घालून मी चांगी विमानतळावर उतरायचं? अमली पदार्थांच्या तस्करीला फाशी देणाऱ्या देशात? आणि तिथल्या अधिकाऱ्याला मी समजावून सांगायचं की साहेब, भाऊबंद आहेत पण हा त्यातला सज्जन? चिवडा आणतो तेवढा पुरे.

सामान झालं. आता हवामानाचा कर. वर्ट, म्हणजे माल्टमधून काढलेलं गोड पाणी, तासभर उकळून झाला की तो झटपट गार करावा लागतो, नाहीतर जंतू आधी जेवून घेतात. त्यासाठी तांब्याच्या नळीचं वेटोळं मिळतं. ते भांड्यात सोडायचं आणि त्यातून नळाचं पाणी खेळवायचं. जर्मनीत नळाला दहा-बारा अंशांचं पाणी येतं, वीस मिनिटांत काम फत्ते. इथे नळाचं पाणीच अठ्ठावीस-तीस अंश. त्याने वर्ट पस्तिसापर्यंत उतरतो आणि तिथेच हटून बसतो. म्हणून बर्फ. पेट्रोल पंपावरून पिशव्याच्या पिशव्या बर्फ उचलून आणायचा, बादलीत ओतायचा, छोट्या पंपाने ते गार पाणी नळीतून फिरवायचं. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू विचारतात, पार्टी आहे का? नाही हो काकू, अंत्यसंस्कार आहे, माझ्या पगाराचा.

पुढे फर्मेंटेशन. एल जातीच्या बिअरचं यीस्ट अठरा-वीस अंशांना खूश असतं. घरात पारा तीसच्या खाली नाही. म्हणजे दुसरा फ्रीज, त्याला टेंपरेचर कंट्रोलर, आणि दोन आठवडे चोवीस तास वीज. तिचा दर युनिटला तीस सेंटच्या आसपास. लागर (गारठ्यात सावकाश आंबणारी बिअर) करायची हौस असेल तर दहा-बारा अंशांवर ठेवा आणि महिना-दीड महिना अडकवा तो फ्रीज. बायको म्हणते, या फ्रीजमध्ये निदान कोथिंबीर तरी ठेवू दे. नाही ठेवता येत गं, वीस अंशाला कोथिंबीर पिवळी पडते.

इथे जाणकार मंडळी पुढे सरसावतात. नॉर्वेचं क्वाइक यीस्ट वापर, ते पस्तीस अंशांतही छान चालतं! माहीत आहे. वापरलंय. व्हॉसचं क्वाइक खरंच गुणी आहे, तीन-चार दिवसांत काम उरकतं आणि संत्र्यासारखा सुवास देतं. पण मला संत्र्याच्या सुवासाची पिल्सनर लागर नको आहे. दुसरे म्हणतात, डब्यातला माल्टचा तयार अर्क आण, किलोभर साखर घाल, स्वस्तात होतं. होतं ना! आणि चवीला कसं लागतं? सफरचंदाचं सरबत उन्हात विसरल्यावर जसं लागेल तसं. स्वस्तात वाईटच प्यायचं असेल तर मी दुकानातून आणीन, भांडी तरी घासावी लागणार नाहीत.

आणि दुकानाचा विषय निघालाच आहे तर माझ्या तळपायाची आग मस्तकात नेणारी गोष्ट आता सांगतो. इथे बिअरवर अबकारी कर आहे, शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ६० डॉलर. पाच टक्क्यांच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये साडेसोळा मिली अल्कोहोल, म्हणजे कॅनमागे ९९ सेंट नुसता अबकारी. त्यावर ९ टक्के जीएसटी. त्यात कंपनीचा नफा, दुकानाचा नफा, जाहिराती, टीव्हीवरचा फुटबॉल, सगळं आलं. इतकं होऊनही ऑफर असली की चोवीस कॅनचा खोका पन्नास डॉलरच्या आसपास मिळतो. कॅन पडला दोन डॉलरच्या थोडा वर.

आता माझी. माझ्या बिअरवर अबकारी शून्य. मजुरी शून्य. भाडं घराचंच. जाहिरात नाही, नफा नाही. जीएसटी तेवढा सामानावर भरतोच, २०२३ पासून परदेशातून ऑनलाइन मागवलेल्या बारीकसारीक वस्तूंवरही लागतो. आयपीए ही भरपूर हॉप्सची बिअर केली, तर माल्ट, हॉप्स, यीस्ट, पाण्यातले क्षार, बर्फ, वीज, पाठवणावळ धरून आणि चोथ्याने प्यायलेली वजा करून बाटली पडते जवळपास तेवढ्यालाच. दोन डॉलरच्या वर! यात फ्रीज, भांडं, पंप धरलेलेच नाहीत. ज्याच्यावर सरकार डॉलरभर कर घेतं तो कॅन, आणि जिच्यावर दमडीचा अबकारी नाही ती माझी बाटली, एकाच भावात. कोणीतरी मला हे गणित उलगडून सांगा. नको, राहू दे. उत्तर माहीत आहे मला. ते जहाजभर माल्ट घेतात, मी पाच किलो घेतो.

हं, बारमधली आयपीए माझ्यापेक्षा कितीतरी महाग असते, हे खरं. तिच्याशी तुलना केली की मी श्रीमंत होतो. महिन्यातून एकदा मनाच्या समाधानासाठी ती तुलना करतो.

मग करतोस कशाला, असं विचाराल. चांगली होते म्हणून करतो! ताजी असते, माझ्या हातची असते, आणि मागच्या वेळच्या काळ्या स्टाउट बिअरसारखी स्टाउट मी विकत घेऊन कधी प्यायलेलो नाही. त्या सुखाबद्दल तक्रार नाही. पण तिला स्वस्त म्हणायचं नाही. फुकट तर नाहीच नाही.

आणि जाता जाता, बाटल्यांबद्दल. चांगल्या जाड काचेच्या, क्राउन कॅप (पत्र्याचं दातेरी बूच) नीट बसणाऱ्या तपकिरी बाटल्या इथे सहज मिळत नाहीत. रिकाम्या विकत घ्यायला गेलं तर आतल्या बिअरएवढ्या पडतात. एकेक जमवलेली, रात्रभर भिजवून लेबल खरवडलेली, ब्रशने धुतलेली असते. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये म्हणून त्यात चार लाडू घालणारी आपली माणसं माझी बाटली मात्र खुशाल इमारतीच्या कचरा टाकायच्या नळकांड्यात टाकतात आणि वर म्हणतात, "मस्त होती रे, अजून आहे का?" आहे. पण बाटल्या आणा. लाडू नकोत, लेबल काढू नका, धुतल्या नाहीत तरी चालेल, फक्त पाण्याने खंगाळा म्हणजे तळाशी यीस्ट वाळत नाही. ज्याच्याकडे माझ्या आठ-दहा अडकल्यात त्याला कळलंय मी कोणाबद्दल बोलतोय. शनिवारी घेऊन ये.