देवळात जाणाऱ्या पोरांना समुपदेशक नको?

गावागावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा आशय असा : सीमाभागातली श्रद्धाळू तरुण मुलं इतरांपेक्षा खंबीर आणि समाधानी असतात, हे संशोधनाने सिद्ध झालंय, तेव्हा मुलांना देवळात पाठवा, समुपदेशनाचे चोचले पुरे. गोव्यातल्या पेडणे-सत्तरीतले पालक तो आवर्जून पुढे पाठवतात, कारण आपणही सीमेवरचेच.

पहिली गफलत इथेच आहे. मजकुरातली सीमा म्हणजे पाकिस्तानलगतची ताबारेषा; तिथली मुलं गोळाबारात बंकरमध्ये रात्री काढतात. आपल्या पत्रादेवीवरही १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, पण आज ती दोन राज्यांची हद्द आहे. आपल्या मुलांचे घोर वेगळे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली-सत्तरीत खनिजाचे ट्रक दारात उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते चालूच राहिले. तिथला निष्कर्ष उचलून इथल्या मुलांना लावता येत नाही.

‘सिद्ध झालं’ म्हणजे काय? मानसशास्त्रज्ञ एड डीनर यांची १९८५ची समाधान-मोजणी बरीच वापरली जाते. पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. अशी प्रश्नावली एकदाच भरून घेतली, तर श्रद्धा आणि समाधान सोबत दिसतात एवढंच कळतं. श्रद्धेने समाधान आलं, की मन ताळ्यावर असलेली मुलंच देवळाकडे वळली, ते कळत नाही.

श्रद्धेने बळ येतं, हे मात्र मी नाकारत नाही. कशातून येतं ते बघा. लिम आणि पुटनम या अभ्यासकांनी २०१० मध्ये अमेरिकेतली पाहणी प्रसिद्ध केली : प्रार्थनास्थळी नियमित जाणाऱ्यांचं समाधान जास्त होतं, पण ज्यांचे तिथे जिवलग मित्र होते त्यांचंच. एकटे येऊन एकटे जाणाऱ्यांना तो लाभ दिसला नाही. शिरगावच्या लईराई जत्रेला जाणारे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, आठवा. व्रत एकत्र पाळायचं, एकत्र रांधायचं, एकत्र जेवायचं आणि मग होमकुंडातून जायचं. त्या दिवसांत पोरगा गप्प झाला तर शेजारच्याच्या लक्षात येतं. भजनी मंडळात, शिगम्याच्या रोमटात, म्हणजे मिरवणुकीत, तेच घडतं. हे बळ फार मोलाचं आहे, आणि ते माणसांचं आहे. घरच्यांनी हुकूम सोडून देवळात धाडलेल्या एकट्या पोराला ते कुठून मिळणार?

‘श्रद्धा असली की निराशा येत नाही’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी श्रद्धेचा दुसरा चेहराही अभ्यासला : देव मला शिक्षा करतोय, देवाने मला टाकलं, असं वाटणाऱ्यांचा त्रास वाढलेला दिसतो. आधीच खचलेल्या मुलीला ‘तुझी भक्ती कमी पडली’ असं सांगणारे आपण तिला नेमकं तिकडेच ढकलतो.

राहिले चोचले. मानसिक आरोग्यसेवा हा २०१७च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. आपली अडचण अंतराची : बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, तेरेखोलच्या किंवा सत्तरीच्या टोकाच्या मुलाला लांब पडते, म्हणून तालुक्याच्या आरोग्य केंद्रातच समुपदेशक मागायला हवा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. गटावर तो मजकूर पाठवला असेल, तर त्याखाली हाही टाका.